न रडवणारा कांदा

निघोज्याची रोहिणी पिंपरीच्या एका कॉलेजात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि गेले दोन महिने तिचं डोकं कायम तापलेलं होतं. कुरुळी फाट्यावर अडकून पडलेले कंटेनर, भोसरीत बदलावी लागणारी बस, कॉलेजातला कुरकुरणारा फ्रिज, सगळ्यांवर तिचा राग. पण खरा राग एका एन्झाइमवर होता. ते कांद्यात असतं, भरपूर असतं, असं प्रत्येक पुस्तकात छापलेलं होतं. फक्त रोहिणीच्या कांद्यात ते नव्हतं.

बरं, कांदा तिला परका होता असंही नाही. तिचे वडील बन्सी, त्यांची अर्धी जमीन कारखान्यांत गेली तरी उरलेल्या दीड एकरात कांदाच लावायचे आणि चाकणच्या मार्केटला नेऊन घालायचे. रोहिणी रांगायला शिकली तीच कांद्याच्या ढिगाशेजारी. म्हणूनच प्रोजेक्टचे विषय ठरवायच्या दिवशी, कोण कशातून एन्झाइम काढणार असं प्रभावती मॅडमनी विचारलं तेव्हा तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. तिच्या बाकावर बसणारा बीडचा सुजित म्हणाला, मी आपली कच्ची पपई घेतो. पपईचं एन्झाइम दणकट, कसंही वागवा, ते काम करतंच. रोहिणी म्हणाली, कांदा. आमचा चाकणचा. मॅडमना ते आवडलं, पण त्यांनी बजावलं की हे एन्झाइम नाजूक आहे, थंडाव्यातच काम करायचं आणि घाई करायची नाही. रोहिणीनं मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

प्रोटीन म्हणजे काय ते तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. एक लांबलचक साखळी, ती ठरावीक तऱ्हेनं घडी घालून बसते, आणि तिचं सगळं कसब त्या घडीत असतं. घडी विसकटली की साखळी तीच, वजन तेच, पण काम शून्य. कांद्यात तर मौजच आहे. एन्झाइम एका कप्प्यात आणि त्याचं खाद्य दुसऱ्या कप्प्यात असतं. अख्खा कांदा म्हणून गरीब बिचारा. विळी फिरली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते, आणि त्यातून तो झणका उठतो ज्यानं घरोघरच्या बायका स्वयंपाकघरात डोळे पुसत बसतात. ते रडवणारं एन्झाइम शुद्ध करून बाटलीत धरायचं, एवढंच रोहिणीचं काम होतं.

या कामावर तिचं बरंच काही टांगलेलं होतं. मॅडमचं स्वतःचं दोन वर्षांचं संशोधन जूनपासून सुरू व्हायचं होतं आणि त्यात मदतनिसाची एकच जागा होती. मॅडमनी वर्गात सरळ सांगितलं होतं की ज्याने स्वतःच्या हाताने एन्झाइम शुद्ध करून दाखवलं त्यालाच ही जागा मिळेल, नुसते पाठ केलेले मार्क चालायचे नाहीत. ती जागा मिळाली की पुढे पीएच.डी.चा रस्ता खुला. नाही मिळाली तर चुलते दादासाहेब टपून बसलेच होते. त्यांनी चाकणच्या एका पार्टच्या कंपनीत क्वालिटीला शब्द टाकून ठेवला होता. दिवसभर बोल्टाला गेज लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. त्या कामात वाईट काहीच नव्हतं, गावातल्या तिच्या तीन मैत्रिणी तेच करत होत्या. पण रोज पाच तास बसमध्ये घालवून रोहिणी जे शिकली त्याला तिथे कुत्रंसुद्धा विचारणार नव्हतं.

तिची आई सरुबाई महाळुंग्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये होती. ठेकेदाराकडे, फर्स्ट शिफ्टला. पावणेसहाची बस पकडायची आणि आठशे माणसांच्या जेवणाची चिराचिरी करायची. एका शिफ्टला चाळीस किलो तर नुसता कांदा. कॉलेजात कुणी विचारलं तर रोहिणी सांगायची, आई कंपनीत आहे. हे खोटं नव्हतं. पुढचं कुणी विचारत नसे आणि ती सांगत नसे.

प्रोजेक्ट सुरू झाल्यावर तिनंच आईला सांगितलं की आठवड्यातून दोनदा मला किलोभर कांदा सोलून देत जा, सकाळी मला वेळ होत नाही. सरुबाईला कोण आनंद झाला. पोरीच्या शिक्षणात तिला हात लावण्यासारखं आजवर काही मिळालंच नव्हतं. फी बन्सीनं भरली, फॉर्म रोहिणीच्या भावानं भरले, पुस्तकं इंग्रजीत. आता कांदा आला, आणि कांद्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. ती पहाटे साडेचारला उठून कांदे सोलायची, दोन-दोन फोडी करायची, स्टीलच्या डब्यात भरून ओट्यावर ठेवायची आणि कामाला जायची. रोहिणी उठायची तेव्हा डबा तयार, गार, झाकण घट्ट लावलेला.

सरुबाईला सुट्टी असेल त्या सकाळी एक-दोनदा तिनं विचारलं होतं, काय करतीस गं एवढ्या कांद्याचं? रोहिणी केस विंचरता विंचरता म्हणाली होती, तुला न्हाई कळायचं, आई. पुढच्या आठवड्यात तिनं परत विचारलं. तेव्हा रोहिणी नुसतीच हुंकारली होती. बस चुकायची वेळ झाली होती म्हणा, पण ती वेळ तर रोजच व्हायची.

कॉलेजात ती सगळ्यांच्या आधी पोचायची. बर्फावर भांडं ठेवून त्यात कांदा मिक्सरला लावायचा, मलमलच्या कपड्यातून गाळायचा, त्या पाण्यात मिठासारखा एक क्षार टाकून प्रोटीन खाली बसवायचं, मग ते पातळ पडद्याच्या पिशवीत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. शेवटी परीक्षा. मॅडमकडे बोटाच्या पेराएवढी एक काचेची कुपी होती, तिच्यात पांढरी पूड. ते त्या एन्झाइमचं खाद्य, परदेशातून मागवलेलं, यायला दोन महिने लागलेले. त्यातली चिमूट टाकायची, दहा मिनिटं थांबायचं, मग रंगाचं रसायन घालायचं. एन्झाइम जिवंत असेल तर तपकिरी-लाल रंग चढतो, नसेल तर पिवळा तो पिवळाच.

पहिल्यांदा पिवळा आला. म्हटलं, चालायचंच. दुसऱ्यांदा पिवळा. तिसऱ्यांदाही पिवळा. मग रोहिणीनं गुन्हेगार शोधायला सुरुवात केली. आधी पीएच मीटरवर आळ घेतला आणि तो दुरुस्तीला पाठवायला लावला. तो धडधाकट परत आला. मग रसायनाची बाटली जुनी आहे म्हणून नवी फोडली. मग फ्रिज. गुरुवारी आपल्याकडे लाइट जाते हे उघडच आहे, तेव्हा पिशवी गुरुवारी फ्रिजात सापडून मरत असणार, असं तिनं ठरवलं आणि वार बदलले. पिवळा. गाळलेलं पाणी फ्रिजात न ठेवता थेट तपासलं, तरी पिवळा. मग डिस्टिल्ड पाण्यावर संशय, मग लॅब अटेंडंटनं नीट न धुतलेल्या काचेवर. त्या बिचाऱ्यानं तिच्यासमोर सगळ्या नळ्या पुन्हा धुऊन दिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

सुजितचं एन्झाइम दुसऱ्याच आठवड्यात निघालं. तो काही वाईट मुलगा नव्हता, पण त्याच्या वहीतले ते सरळ चढत गेलेले आलेख बघून रोहिणीचा जीव जळायचा. एकदा तो सहज म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. चेष्टेत म्हणाला, पण रोहिणी त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. खरं तर तिला स्वतःचाच संताप येत होता. पाठ केलेलं सगळं बरोबर होतं, हात बरोबर होते, बर्फ बरोबर होता, आणि उत्तर येत नव्हतं. दोन वेळा ती टॉयलेटमध्ये जाऊन रडली. कांदा वाटताना मात्र एकदाही रडली नाही, आणि ही गोष्ट तिच्या ध्यानातसुद्धा आली नाही. उलट तिला वाटायचं, आपण कांदेवाल्यांची पोर, आपले डोळे मुरलेले.

एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारी कुपीत शेवटची चिमूट उरली होती. आदल्या दिवशी मॅडमनी बोलावून सांगितलं की उद्या रंग आला नाही तर प्रयोग बंद, लायब्ररीत बसून नुसता लेखी प्रोजेक्ट करायचा. आणि लेखी प्रोजेक्टवर ती जागा देता येणार नाही. मॅडमचा आवाज मऊ होता, त्यामुळे जास्तच लागलं.

शुक्रवारी मॅडम स्वतः तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. रोहिणीनं डबा उघडला, कांदा बर्फावर वाटला, गाळला. कुपी उपडी करताना थोडी पूड कागदावर सांडली, ती तिनं चिमटीनं गोळा करून टाकली. दहा मिनिटं गेली. रसायन घातलं. नळी खिडकीच्या उजेडात धरली. पिवळी.

रोहिणीला वाटलं आता मॅडम लायब्ररीचं म्हणतील. पण मॅडम तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी मिक्सरचं भांडं उचललं, झाकण काढलं आणि चष्मा वर सरकवून नाक आत घातलं. बराच वेळ तसंच धरलं. मग भांडं खाली ठेवलं.

"रोहिणी, किलोभर कांदा वाटलास तू आत्ता. तुझे डोळे कोरडे कसे? आणि माझेही?"

मॅडमनी डब्यातली एक उरलेली फोड उचलली, बोटांनी दाबली. ती किंचित काचेसारखी दिसत होती आणि जरा लवचीक होती. रोज तशीच असायची. रोहिणीला वाटायचं, आई धुऊन देते म्हणून. कांदे कोण सोलतं, मॅडमनी विचारलं. आई. कशी सोलते? म्हणजे, चाकूनं, रोहिणी म्हणाली. आणि मॅडमनी शांतपणे विचारलं की तू तिला कधी विचारलंस का.

दोन महिन्यांत तिनं फ्रिज तपासला, पाणी तपासलं, काच तपासली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ओट्यावरच्या डब्यापर्यंत तिची शंका एकदाही पोचली नव्हती.

परतीच्या बसमध्ये मोशीपर्यंत तिला बसायला जागा मिळाली नाही आणि सगळा वेळ तिच्या मनात एकच चाललं होतं, आता घरी जाते आणि विचारते. घरी पोचली तेव्हा तीन वाजले होते. सरुबाई शिफ्ट करून नुकतीच आली होती, पाय पसरून मेथी निवडत बसली होती. रोहिणीनं चप्पलसुद्धा काढली नाही. माझ्या डब्यातल्या कांद्याला काय करतेस, तिनं दारातूनच विचारलं.

सरुबाईला आधी वाटलं पोरगी कौतुक करतेय. ती उत्साहानं सांगायला लागली की कँटीनात चाळीस किलो चिरायचा तर डोळे जातात, म्हणून तिथल्या बायकांनी युक्ती काढलीय. सोलून, दोन फोडी करून, कांदा पातेल्यात टाकायचा, वरून उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं. पाव तासानं उपसून गार पाण्यात. मग कितीही चिरा, डोळ्याला टिपूस येत नाही. "तुझंबी तसंच करत व्हते," ती म्हणाली. "मी अंघोळ उरकस्तवर झाकून ठेवायचं. तुला कालेजात डोळं लाल करून बसाया नगं, म्हून."

उकळतं पाणी. पाव तास. झाकण ठेवून. रोहिणी बर्फाचे खडे मोजत बसली होती, आणि ज्याच्यासाठी बर्फ ते घरातूनच उकडून निघत होतं.

मग ती जे बोलली ते इथे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. तू माझं वर्ष घालवलंस, असं म्हणाली. अडाणी म्हणाली. माझी जागा गेली आणि आता मी पण बोल्ट मोजत बसू का, असं म्हणाली. तोंडाचा पट्टा सुटला की माणसाला स्वतःचं ऐकू येत नाही. सरुबाई मेथीची जुडी हातात धरून ऐकत राहिली. रोहिणी दमून थांबली तेव्हा तिनं मेथी बाजूला ठेवली.

"दोन म्हैनं झालं, मी इचारत व्हते कांद्याचं काय करतीस म्हून. तू म्हनायचीस, तुला न्हाई कळायचं."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. तिनं ते बाजारभाव सांगावा तसं सांगितलं आणि परत मेथी घेतली. रोहिणी चौकटीला टेकून उभी राहिली. दोष द्यायला आणलेली माणसं आणि वस्तू सगळ्या संपल्या होत्या, आणि उरली होती ती एकटी.

मग तिनं चपला काढल्या, पोत्यातून चार कांदे घेतले आणि विळी ओढून आईसमोर बसली. कच्चा कांदा, न भिजवलेला. दुसऱ्याच कांद्याला तिच्या डोळ्यांतून धार लागली. मेथीशी बसलेल्या सरुबाईच्याही. "ह्येच काढत होते मी," रोहिणी नाक ओढत म्हणाली. "ह्येच, जे रडवतं."

आणि मग तिनं सांगितलं. सुरुवातीला अडखळत, कारण हे सगळं मराठीत तिनं कधी स्वतःशीही म्हटलं नव्हतं. कांद्यात एक बारीक कारागीर असतो, तो दोऱ्याच्या गुंडीसारखा ठरावीक गुंडाळलेला असतो, त्या गुंडाळण्यातच त्याचं कसब. उकळतं पाणी पडलं की गुंडी सुटते. दोरा राहतो, कारागीर राहत नाही. म्हणून कँटीनातला कांदा रडवत नाही. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ना, तेही तसंच.

सरुबाईनं पदरानं डोळे पुसले. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, "मंग मी त्याला परत गार पान्यात टाकत व्हते की. गार झाल्यावर गुंडी न्हाई का बसत परत?"

रोहिणी चाट पडली. हाच प्रश्न. अगदी हाच प्रश्न मॅडमनी मार्चच्या तोंडी परीक्षेत विचारला होता. उकललेलं प्रोटीन थंड केलं तर आपली घडी आपण परत घालतं का? त्या दिवशी रोहिणीनं पुस्तकातली दोन पानं घडाघडा म्हणून दाखवली होती आणि मॅडम म्हणाल्या होत्या, मला पान नको, तुझ्या कांद्याचं काय ते सांग. ते तिला सांगता आलं नव्हतं. आजही आलं नाही. ठाऊक न्हाई, आई, ती म्हणाली.

सोमवारी ती मॅडमकडे गेली आणि सगळं सांगितलं. आई कुठे काम करते तेही सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. पूड संपली, आता शुद्ध करायचं विसर, त्या म्हणाल्या. पण कांद्यात त्याचं खाद्य त्याच्याजवळच असतं, तेव्हा ताजा कांदा वाटला तर पूड न घालताही रंग येईल. तेवढ्यावर जे करता येईल ते कर. जागेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि रोहिणीनं विचारलं नाही.

उरलेल्या तीन आठवड्यांत तिनं आईचाच प्रश्न प्रयोगाला घेतला. एक कांदा कच्चा, एक कँटीनच्या पद्धतीनं पाव तास उकळत्या पाण्यातला. कच्च्याला पहिल्याच दिवशी असा लालभडक रंग चढला की तिला हुंदका आला. हे दोन महिने रोज तिच्या घरी पोत्यात पडलेलं होतं. मग उकळत्या पाण्यातला कांदा गार करून तासानं वाटला, एका दिवसानं वाटला, तीन दिवसांनी वाटला. पिवळा, पिवळा, पिवळा. या वेळी पिवळ्याचा अर्थ तिला कळत होता, पण म्हणून तो काही गोड लागला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी वहीवर बोट ठेवून विचारलं की ही पंधरा मिनिटांची पद्धत कुठून घेतली, संदर्भ दिलेला नाही. रोहिणी म्हणाली, आईची आहे, ती कंपनीच्या कँटीनमध्ये कांदे चिरते. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि छापील संदर्भ नसेल तर ते वाक्य काढा म्हणाले. तिनं काढलं नाही, त्याचे दोन मार्क गेले. ती मदतनिसाची जागा सुजितला मिळाली. त्यानं ते तिला खाली मान घालून सांगितलं, जणू त्यानं चोरी केली होती. रोहिणीनं त्याचं अभिनंदन केलं आणि पायऱ्यांवर बसून घेतलं. दादासाहेबांचा फोन त्याच संध्याकाळी आला. एक जूनपासून, फर्स्ट शिफ्ट, पावणेसहाची बस. आईचीच.

त्या रात्री जेवताना रोहिणीनं ताटातल्या कांद्याची फोड बाजूला सारली.

"न्हाई बसत, आई," ती म्हणाली. "गुंडी. एकदा सुटली की न्हाई बसत परत. गार करून तीन दिवस ठिवून बघितली."

सरुबाईनं तिच्या ताटात भाकरी वाढली. "मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "पन इचारल्यालं बरं असतं."